पेंग्विनाचा हिवताप



पेंग्विन पक्षी म्हटला की आपणांपुढे बर्फ उभे राहते. मुलांच्या पाठ्यपुस्तकात तो बर्फावर उभा असतो, दुकानदारांनी वाटलेल्या दिनदर्शिकांवरही तो बर्फावरच उभा असतो. म्हणून हा पक्षी डास चावून हिवतापाने मरतो असे कोणी सांगितले, तर ऐकणारा ते थट्टेवारी नेईल. हिवताप म्हणजे भाताच्या खाचरांचा, ओढ्याकाठच्या वाड्यांचा, पाऊस सरल्यावर घोंगडीत कुडकुडत पडण्याचा आजार. त्याचा त्या काळ्यापांढऱ्या दर्यावर्दी पक्ष्याशी काय संबंध? तरीही गोष्ट खरी आहे. या आजाराने सर्वांत अधिक गाठले आहे ते माणसाने पिंजऱ्यात ठेवलेल्या पेंग्विनांना, आणि माणसानेच दया येऊन समुद्रकाठावरून उचलून आणलेल्या पेंग्विनांना. मोकळ्या समुद्रावर राहणाऱ्या त्यांच्या भावंडांत तो पुष्कळच विरळा आढळतो. याच विसंगतीविषयी आज थोडे लिहावयाचे आहे.

प्रथम बर्फाविषयीचा समज दूर करू. पेंग्विनांच्या सुमारे १८ जाती आहेत आणि त्यांतील थोड्याच दक्षिण ध्रुवाच्या बर्फावर राहतात. बाकीच्या आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाशी, पेरू व चिली देशांच्या रुक्ष किनाऱ्यावर, न्यूझीलंडच्या किनारी झाडीत, आणि गालापागोस बेटांवर तर थेट विषुववृत्ताच्या आसपास नांदतात. मुंबईस भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ साली सेऊल शहराहून ८ पेंग्विन आणले गेले, ते हंबोल्ट जातीचे, म्हणजे मूळचे पेरू-चिलीकडचे. तेथे त्यांना काचेने बंद केलेल्या थंड दालनात ठेवले आहे. ती व्यवस्था मुंबईच्या उष्म्यासाठी हे उघडच आहे. परंतु त्या काचेमुळे डासही बाहेर राहतो आणि हा लाभ लहान नव्हे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात हेच हंबोल्ट पेंग्विन उघड्या हौदाकाठी ठेवलेले होते. २०१२ सालच्या उन्हाळ्यात त्यांतील ६ हिवतापाने दगावले. ज्या शहरात माणसांना तेथल्या डासांपासून हिवताप होत नाही, त्या शहरात पेंग्विन हिवतापाने मरावेत, हे नवलच नव्हे काय?

येथे एक शंका निघेल, ती आताच सोडवितो. पक्ष्यांचा हिवताप माणसांस जडत नाही आणि माणसांचा पक्ष्यांस जडत नाही. दोहोंचे जंतू एकाच घराण्यातले, त्या घराण्यास शास्त्रज्ञ प्लास्मोडियम म्हणतात. परंतु जाती निरनिराळ्या. डासही निरनिराळे. माणसाचा हिवताप ॲनॉफिलीस डासाची मादी पसरविते. पक्ष्यांचा हिवताप मुख्यत्वे क्युलेक्स डासांमुळे पसरतो. हा क्युलेक्स तुम्हा सर्वांच्या चांगल्या परिचयाचा आहे. सांडपाण्याच्या खड्ड्यात, तुंबलेल्या गटारात, गोठ्यामागच्या डबक्यात तो वाढतो आणि रात्री कानाशी येऊन गुणगुणतो. भिंतीवर बसला म्हणजे तो अंग भिंतीस समांतर ठेवतो. ॲनॉफिलीस मात्र मागची बाजू वर करून तिरपा बसतो. हत्तीपायाचा रोग आपल्या देशात या क्युलेक्समुळेच पसरतो. तेव्हा 'हिवतापाचा डास नव्हे ना, मग असू दे' असे कोणी म्हणू नये.

हैदराबाद-सिकंदराबादेकडच्या आमच्या वाचकांस रॉनल्ड रॉस हे नाव नवे नसेल. बेगमपेठेस त्यांच्या नावाची वास्तू आहे. सैन्यातील या वैद्याने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत सूक्ष्मदर्शक यंत्राखाली एका डासाच्या जठराची भिंत तपासली आणि तीत त्यास हिवतापाचे जंतू वाढताना दिसले. तो डास हुसेन खान नावाच्या रुग्णास मुद्दाम चावविलेला होता; चावणाऱ्या दर डासामागे त्या रुग्णास एक आणा मिळत असे. हा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. त्याच्या पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. रॉस यांची बदली झाली, कामात खंड पडला, आणि १८९८ साली ते कलकत्त्यास आले तेव्हा माणसांवर प्रयोग करण्याची सोय उरली नाही. मग त्यांनी चिमण्या व चंडोल घेतले. आजारी पक्ष्याचे रक्त प्यालेल्या डासाच्या लाळेच्या ग्रंथीत जंतू येऊन दबा धरतात, आणि तो डास निरोगी चिमणीस चावला की तीही आजारी पडते, हे त्यांनी तेथे सिद्ध करून दाखविले. त्याच वर्षी इटलीतील शास्त्रज्ञांनी हेच माणसांच्या बाबतीत दाखविले. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कलकत्त्याच्या त्या चिमण्यांच्या रक्तात जो जंतू होता त्यास आज प्लास्मोडियम रेलिक्टम म्हणतात, आणि पेंग्विनांचा जीव घेणाऱ्या जंतूंत तोच प्रमुख आहे.

मग चिमणी जगते आणि पेंग्विन मरतो, हे कसे? चिमणीच्या पूर्वजांनी या जंतूसह युगानुयुगे दिवस काढले आहेत. ती थोडी आजारी पडते, बहुधा सावरते, आणि पुढे जन्मभर रक्तात थोडे जंतू बाळगून हिंडत राहते. पेंग्विनांचे पूर्वज राहिले ते वाऱ्याने झोडपलेल्या बेटांवर, थंड वा कोरड्या किनाऱ्यांवर, जेथे गोड्या पाण्याचे डबके साठत नाही आणि डासास पाय टेकावयास जागा नाही. त्यामुळे या शत्रूशी कसे झुंजावे हे त्यांचे रक्त शिकलेच नाही. दक्षिण ध्रुवाच्या बर्फावरील पेंग्विनांत हा जंतू आढळत नाही; पण त्यांतलाच एखादा आणून युरोपातल्या उघड्या हौदावर ठेवा, म्हणजे तो पहिल्याच उन्हाळ्यात संकटात सापडेल.

आणि हा आजार मोठा कपटी आहे. आपल्या गावी ताप आला की आरोग्यसेविका बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेते. हिवताप असेल तर बहुधा त्या थेंबात जंतू सापडतो. पेंग्विनाच्या देहात जंतू रक्तात उतरण्यापूर्वी फुप्फुसे, यकृत व प्लीहा यांच्या पेशींत प्रचंड प्रमाणात वाढतात. काचपट्टी स्वच्छ दिसते आणि पक्षी दुसऱ्या दिवशी मेलेला सापडतो. काल ज्याने मासे खाल्ले तो आज कोपऱ्यात पंख मिटून उभा, धाप लागलेला, तोंडाची आतली त्वचा पांढरीफटक. आणि कित्येकदा एवढेही चिन्ह दिसत नाही.

आता आफ्रिकेच्या टोकाकडे वळू, कारण या विषयातला खरा पेच तेथे आहे. केपटाउन शहराच्या आसपासच्या किनाऱ्यांवर व बेटांवर आफ्रिकी पेंग्विन राहतो. नेल्सन मंडेला यांना जेथे कैदेत ठेवले होते ते रॉबेन बेटही त्यांत आले. उंची दोन-सव्वादोन फूट, वजन तीन किलोच्या आसपास, आणि आवाज हुबेहूब गाढवाचा. गेल्या शतकाच्या आरंभी हे पक्षी दहा लाखांहून अधिक होते. माणसाने त्यांची अंडी लाखांनी खाल्ली. ज्या विष्ठेच्या थरात बिळे करून ते घरटी घालीत तो थर खतासाठी खरवडून नेला. पुढे त्यांच्या तोंडचे मासे, तारली आणि तिच्या जातीचे इतर लहान मासे, मोठमोठ्या जाळ्यांनी उपसले. समुद्राचे पाणी तापून माशांचे थवेही सरकले. आज त्यांच्या १०,००० जोड्याही उरलेल्या नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये हा पक्षी नामशेष होण्याच्या अगदी काठावर आहे असे जागतिक यादीत नोंदविले गेले.

केपटाउनला अशा समुद्रपक्ष्यांची शुश्रूषा करणारी सॅनकॉब नावाची संस्था १९६८ पासून काम करीत आहे. तिचे सर्वांत मोठे काम २००० सालचे. त्या वर्षी २३ जून रोजी 'ट्रेझर' नावाचे जहाज रॉबेन आणि डासेन या बेटांजवळ बुडाले आणि त्याच्या टाक्यांतील तेल पाण्यावर पसरले. तेलाने माखलेले सुमारे १९,००० पेंग्विन पकडून आणले गेले, हजारो स्वयंसेवकांनी ते एकेक करून धुतले. तितकेच आणखी पक्षी, ज्यांना अद्याप तेल लागले नव्हते, गाड्यांत भरून पोर्ट एलिझाबेथ येथे नेऊन समुद्रात सोडले. ते पोहत शेकडो मैल परत येईपर्यंत घरचे पाणी स्वच्छ व्हावे, असा हिशेब होता, आणि तो बरोबर ठरला. धुतलेल्या पक्ष्यांपैकी दहांत नऊहून अधिक पुन्हा समुद्रात गेले. तेव्हा तेथे हिवाळा होता, डास थोडे होते, ही त्यांतल्या त्यांत बरी गोष्ट.

प्रत्येक वेळी ऋतू असा अनुकूल नसतो. पेंग्विन वर्षातून एकदा सारी पिसे टाकतो. नवी पिसे येईपर्यंत, सुमारे तीन आठवडे, त्यास पाण्यात शिरता येत नाही. उपाशीच उभे राहावे लागते. ज्यांची पिले उशिरा निघाली असतील त्या आईबापांचा हा काळ पिले मोठी होण्यापूर्वीच येतो, आणि पिले अन्नावाचून मरतात. ती सोडलेली पिले गोळा करून आणणे, त्यांना हाताने मासे भरवून वाढविणे आणि समुद्रात सोडणे, हे काम सॅनकॉब दरवर्षी करते. हा काळ येतो ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत. आपण इकडे नाताळच्या पहाटे कानटोपी घालून मिस्साबलिदानास जातो तेव्हा तिकडे ऐन उन्हाळा असतो. त्यातून संस्थेची जागा टेबल व्ह्यू या उपनगरात, रीटव्ले नावाच्या पाणथळीच्या शेजारी. पाणथळीत डास आहेत, आणि रक्तात जंतू बाळगून सुखाने जगणारे स्थानिक पक्षीही आहेत. म्हणजे उपासमारीतून सोडविलेले पिलू नेमके त्या डासाच्या दारी येऊन बसते, जो त्यास बेटावर कदाचित जन्मात भेटला नसता.

उचलावे तर डास, न उचलावे तर उपास.

हा पेच तेथील लोकांस चांगला ठाऊक आहे. त्याची दुसरी बाजू याहून अवघड आहे. शुश्रूषालयात जंतू घेतलेला, पण वरून धडधाकट दिसणारा पक्षी बेटावर परत सोडला आणि त्याच्यासवे तो जंतू उरल्यासुरल्या वसाहतीत शिरला तर? शंभर पिले वाचविण्याच्या भरात हजारांच्या घरट्यात आग नेऊन ठेवल्यासारखे होईल. म्हणून पक्ष्याचे वजन भरले, पिसे पाणी धरीत नाहीत याची खातरी झाली, तरी रक्त तपासल्याखेरीज त्यास सोडीत नाहीत.

डासापासून राखण्याचे उपाय ऐकाल तर हसाल, इतके ते साधे आहेत. जाळ्या. साठलेले पाणी उपसणे. दिवेलागणीला पक्षी आत घेणे. आणि पंखे! डास हा दुबळा उडणारा प्राणी. जोराच्या वाऱ्यात त्यास नीट बसता येत नाही. पेंग्विनाच्या बेटावर जे काम दक्षिणेचा वारा करीत होता ते येथे विजेचा पंखा करतो. एवढे करूनही आजार आलाच तर औषधे आहेत, क्लोरोक्वीन व प्रायमाक्वीन. आपल्या सरकारी दवाखान्यात हिवतापास देतात तीच. गोळी माशात दडवून मासा भरवितात. कित्येक प्राणिसंग्रहालयांत उन्हाळ्याच्या दिवसांत रोग येण्यापूर्वीच औषध चालू ठेवतात.

या औषधांची वंशावळ सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. सतराव्या शतकात पेरू देशात काम करणाऱ्या येशूसंघीय बंधूंनी सिंकोना झाडाची साल रोमला पाठविली. त्या काळी खुद्द रोम शहर हिवतापाने गांजलेले होते. कार्डिनल हुआन दे लुगो, हेही येशूसंघीयच, यांनी ती साल गोरगरिबांत वाटण्याचा पुरस्कार केला. तिला लोक येशूसंघीयांची साल म्हणू लागले, आणि युरोपात काही ठिकाणी केवळ या नावापायी ती घेण्यास कचरूही लागले. ताप मात्र पंथ पाहून येत नव्हता. १८२० साली फ्रान्समध्ये त्या सालीतून क्विनीन वेगळे काढण्यात आले, आणि विसाव्या शतकात रसायनशाळांत क्लोरोक्वीन व प्रायमाक्वीन तयार झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी अशी नवी औषधे शोधताना ती प्रथम पाजली गेली ती हिवताप दिलेल्या कोंबडीच्या पिलांना आणि बदकांना. चिमण्यांनी रोगाची वाट दाखविली, कोंबडीच्या पिलांनी औषधे पारखून दिली. त्या औषधाचा एक तुकडा आज माशाच्या पोटातून पेंग्विनापर्यंत पोहोचतो, यात मला तरी काही वावगे दिसत नाही.

वावगे वाटणारे पुष्कळ आहेत, हे मी जाणतो, आणि त्यांचा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ या एका वर्षात हिवतापाने सुमारे ५,९७,००० माणसे मेली. त्यांतील बहुतेक आफ्रिका खंडातली, आणि त्यांतही बहुसंख्य पाच वर्षांखालील बालके. ज्या खंडात आया आपली लेकरे मातीत ठेवीत आहेत, त्याच खंडात पक्ष्यांवर पंखे फिरवावयाचे? माणूस आधी, यात शंका नाही. औषधाची एकच गोळी असेल आणि समोर मूल व पक्षी असे दोघे असतील, तर विचारावयास थांबणाराही अपराधी ठरेल. परंतु केपटाउनच्या त्या पिलांसाठी कोणाच्या लेकराच्या तोंडची गोळी काढलेली नाही. आणि मुख्य म्हणजे, हे दयेचे काम आहे असे आपण समजतो तेथेच आपला घोटाळा होतो. पापनिवेदनास येणाऱ्या प्रत्येकास धर्मशिक्षणात शिकविलेले असते की, दुसऱ्याचे घेतले असेल तर नुसता पश्चात्ताप पुरत नाही. घेतलेले परत करावे लागते. परत केले म्हणून कोणी आपणास दानशूर म्हणत नाही. अंडी कोणी नेली? घरट्यांची माती कोणी खरवडली? तेल कोणाच्या जहाजातून सांडले? ते पिलू उपाशी आहे ते आपल्या जाळ्यांमुळे निदान काही अंशी तरी. मग त्यास भरविणे ही भरपाई झाली, आणि भरपाई करताना आणखी नुकसान होऊ न देणे हा तिचाच भाग झाला. जाळी शिवणे, गटार उपसणे, काचपट्टी तपासणे ही कंटाळवाणी कामे त्यासाठीच.

खुद्द डासही कित्येक ठिकाणी माणसानेच नेला आहे. हवाई बेटांवर पूर्वी डास नव्हते. १८२६ साली एका जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून क्युलेक्स डास माउई बेटावरील लाहाइना बंदरात उतरले, असे मानतात. पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर हिवतापाचा जंतूही आला, आणि त्या बेटांवरचे रानपक्षी मरू लागले. कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या संत डेमियन यांनी १८७३ साली मोलोकाई बेटावर पाऊल ठेवले तेव्हा तेथील रानात जो एक लहानसा लाल पक्षी होता, तो १९६३ नंतर कोणास दिसला नाही. २०२३ साली अमेरिकेच्या सरकारने नष्ट झाले म्हणून जाहीर केलेल्या २१ जीवजातींत हवाईचे ८ पक्षी आहेत आणि त्यांत हाही आहे. त्यांच्या नाशास जंगलतोड व उंदीर यांचाही हातभार लागला. पण हिवताप हे एक मोठे कारण.

म्हणून गालापागोस बेटांकडे शास्त्रज्ञ चिंतेने पाहत आहेत. तेथे क्युलेक्स डास १९८० नंतरच्या दशकात पोहोचला, आणि २००९ साली तेथील पेंग्विनांच्या रक्तात हिवतापाचा जंतू असल्याचे प्रसिद्ध झाले. ते पक्षी त्याने मोठ्या संख्येने मेले असे दिसून आलेले नाही. परंतु साऱ्या जगात त्या जातीचे थोडे हजारही पक्षी नाहीत. एका वाईट उन्हाळ्याची गोष्ट आहे. आफ्रिकेत मार्च २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने पेंग्विनांच्या ६ वसाहतींभोवती मासेमारीस मर्यादा घालण्यात आल्या. त्या पाळल्या गेल्या तर सोडून दिलेली पिले कमी होतील, आणि पाणथळीशेजारच्या त्या हौदात आणावी लागणारीही कमी होतील.

शेवटी आपल्या परसातील एक गोष्ट. कोंबड्यांनाही त्यांचा स्वतःचा हिवताप असतो, तो आपल्या देशातही आहे. आपली रानकोंबडी तो पचविते. परदेशी जातीच्या कोंबड्या मात्र त्याने पटकन आजारी पडतात. गावठी कोंबडी तगली आणि शहरातून आणलेली पिले पावसाळ्यात मेली, असे लिहिणारी दोन-तीन पत्रे आली आहेत. प्रत्येक वेळी कारण हेच असेल असे नाही; बहुधा मानमोडी असते. लस कोणती व केव्हा टोचावी, हे गुरांच्या डॉक्टरांस विचारून पुढील अंकी लिहीन.